ऑक्टोबरमधलं गवत

मी नकाशे चांगले करते. हे सांगताना लाजायचं काही कारण नाही. कुणी स्वयंपाक चांगला करतं, कुणी पेटी वाजवतं, मी नकाशे करते. दोन हजार तीनमध्ये पुण्याहून शेतीची पदवी घेऊन नॉर्थ कॅरोलायनात आले, तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा होत्या आणि हा आत्मविश्वास होता. बॅगांपैकी एक विमानकंपनीनं हरवली. आत्मविश्वास मात्र दीड वर्ष शाबूत राहिला.

आमची लॅब तळघरात होती. खिडकी नाही, चार कॉम्प्युटर, आणि भिंतीवर आफ्रिकेचा भलामोठा नकाशा. विद्यापीठ टांझानियातल्या एका प्रकल्पाला मदत करत होतं. मोठ्या सरोवराच्या दक्षिणेला कोरडा मुलूख आहे, तिथल्या काही गावांनी आपली रानं, पाणी आणि चराऊ जमीन स्वतः सांभाळावी, त्यासाठी गावागावाचा आराखडा करायचा, असं ते काम. कुठे झाडं लावायची, कुठे गुरं सोडायची, कुठला ओढा अडवायचा, हे त्या आराखड्यात ठरणार. आणि आराखड्याला आधी नकाशा लागतो. तो मी करणार होते, सातासमुद्रापलीकडे बसून, त्या मुलखात पाऊलसुद्धा न टाकता.

काम असं होतं: उपग्रहानं काढलेला फोटो घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक ठिपक्याला एक नाव द्यायचं. शेत, झाडी, गवत, पाणी, उजाड जमीन. तेव्हा असे फोटो विकत घ्यावे लागत. एका गावासाठी एकच फोटो, असं प्राध्यापकांनी सांगून टाकलं होतं. मग मी शहाण्यासारखा विचार केला. फोटोत ढग नकोत. ढग पावसाळ्यात असतात. तिथला पाऊस नोव्हेंबरपासून मेपर्यंत. म्हणून मी सगळ्या गावांसाठी ऑक्टोबरचा फोटो निवडला. स्वच्छ, कोरडा, लख्ख. त्यात एकेक खडक मोजून घ्यावा असा.

त्यातल्या एका गावाच्या टेकडीखाली मला एक मोठा लांबट तुकडा दिसला. पांढरट-तपकिरी, एकही हिरवा ठिपका नाही. मी त्याला "उजाड" म्हटलं आणि लाल रंग दिला. शेजारच्या रकान्यात शिफारस लिहिली: येथे वृक्षलागवड करावी, पाच वर्षे गुरांना पूर्ण बंदी असावी. नकाशाच्या खाली एक तक्ताही होता, "प्रत्यक्ष पाहणी" असा. निरीक्षक, तारीख, काय दिसलं. तो मी रिकामाच ठेवला, कारण प्रत्यक्ष पाहायला जाणार कोण? प्राध्यापकांनी नकाशा बघितला आणि म्हणाले, इतकं नेटकं काम या लॅबमध्ये फार दिवसांत झालं नव्हतं. मी तो दिवसभर तरंगत होते.

शनिवार-रविवार मी मॉरिसव्हिलला जायचे. तिथे एक काका-काकू राहात. माझ्या आईच्या मैत्रिणीची बहीण ती काकू, म्हणजे परदेशात सख्खी मावशीच. काका डॉक्टर. ओहायोत उभं आयुष्य दवाखाना चालवून निवृत्त झाले आणि थंडीला कंटाळून इकडे नवीन वसाहतीत घर घेतलं. घरापुढे हिरवीगार लॉन होती. सप्टेंबरात त्यांनी घर घेतलं तेव्हा हिरवी होती, असं म्हणायला हवं.

जानेवारीत ती लॉन वाळली. नुसती वाळली नाही, पार पेंढ्याच्या रंगाची झाली. ओहायोत काकांची लॉन बर्फाखालून वर आली तरी थोडीफार हिरवी असायची. त्यामुळे काकांनी निदान केलं की बिल्डरनं फसवलं, गवत मेलं. कुणाला विचारायचं नाही ही डॉक्टरांची जुनी सवय. त्यांनी माती उलथायचं यंत्र भाड्यानं आणलं आणि एका शनिवारी निम्मी लॉन उपटून काढली. समोरच्या घरातला गोरा शेजारी शेवटी राहवेना म्हणून धावत आला आणि म्हणाला, की अहो, हे गवत हिवाळ्यात झोपतं, इथलं सगळ्यांचंच असं होतं, एप्रिलमध्ये उठेल. तोवर काका उपटत उपटत अंगणातल्या पोस्टाच्या पेटीपर्यंत पोचले होते.

मी त्या दिवशी जेवायला गेले तर अंगणात अर्धा भाग उकिरड्यासारखा आणि अर्धा पेंढ्यासारखा. मी इतकी हसले की काकू आतून बाहेर आल्या.

"काका, डेथ सर्टिफिकेट साइन कुणी केलं?" मी विचारलं.

"हस तू, हस," काका म्हणाले. "इट लुक्ड डेड!"

"जन्मभर पेशंटच्या नाडीवर बोट ठेवलं," काकू म्हणाल्या, "इथे वाकून मुळाला हातसुद्धा लावला नाही यांनी. वरूनच डायग्नोसिस!"

पुढचे दोन महिने दर रविवारी मी हा विषय काढत होते. डॉक्टरनं जिवंत पेशंट पुरला, असं सगळ्या मराठी मंडळात सांगत सुटले होते. शेतीची पदवीधर ना मी! काकांनी मला आधी विचारलं असतं तर, असं मोठ्या तोऱ्यात म्हणायचे.

मार्चच्या शेवटी विभागात पोस्टरचं प्रदर्शन होतं. प्रत्येक विद्यार्थ्यानं आपलं काम मोठ्या कागदावर छापून भिंतीला लावायचं आणि शेजारी उभं राहून समजावून सांगायचं. मी माझा नकाशा लावला. आमच्या समोरच्या लॅबमध्ये टांझानियाचाच एक विद्यार्थी होता. मातीवर काम करायचा. उंच, अबोल, हिवाळ्यात घरातसुद्धा लोकरीची टोपी. दीड वर्षात आमचं बोलणं "हाय" आणि "प्रिंटर अडकलाय" याच्या पलीकडे गेलं नव्हतं. आणि यात माझीच लाज आहे, की मी त्याच्या देशाचा नकाशा काढत होते आणि त्याचं गाव कुठलं हे मी त्याला कधी विचारलं नव्हतं.

तो माझ्या पोस्टरसमोर थांबला. बराच वेळ. मग बोटानं टेकडी शोधली, ओढा शोधला, आणि माझ्या लाल तुकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे माझ्या आईचं गवत आहे."

मला वाटलं, गंमत करतोय. मी हसून म्हटलं, "इथे गवत नाहीये. उजाड आहे."

"आहे."

"हे बघ, प्रत्येक ठिपका मी तपासलाय."

"फोटो कधीचा?"

"ऑक्टोबरचा."

तो हसला. चांगलं हसणं नव्हतं ते. मग त्यानं सांगितलं, हळूहळू, लहान पोराला सांगावं तसं. आमच्याकडे पाऊस सुरू झाला की गावातले लोक काही रान बंद करतात. तारेचं कुंपण नाही, काही नाही, सगळ्यांना माहीत असतं एवढंच. त्यात पावसाळाभर एकही जनावर शिरत नाही. गवत वाढतं, वाळतं, उभं राहतं. बाहेरचं सगळं संपलं की जुलै-ऑगस्टमध्ये ते उघडतात, तेही एकेक भाग. शेवटचे तीन महिने गुरं त्याच्यावर जगतात. ऑक्टोबरपर्यंत ते संपलेलं असतं, कारण ते संपवण्यासाठीच राखलेलं असतं.

"आम्ही जेवून ताट पुसून ठेवलं," तो म्हणाला, "आणि तू खिडकीतून बघून लिहिलंस की या घरात अन्न नाही."

"तुझ्या आईला तिथे झाडं नकोत का?" मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. आजूबाजूचे बघायला लागले होते आणि मला हार मानायची सवय नव्हती.

"पाच वर्षं गुरांना बंदी लिहिलीयेस तू. माझ्या आईकडे अकरा गायी आहेत. ती शेवटचे तीन महिने त्यांना काय घालणार? तुझा नकाशा?"

"गावात सभा होईल. लोकांना हरकत घेता येईल."

"आकाशातून काढलेला फोटो आहे, असं साहेब सांगणार," तो म्हणाला. "त्याच्याशी वाद कोण घालणार? माझी आई?"

तो निघून गेला. मी तिथे तासभर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तोच नकाशा समजावत होते, जास्तच जोरात. मनात म्हणत होते, स्वतःचं गाव आहे म्हणून भावनिक झालाय. ठिपका खोटं बोलत नाही.

दोन-तीन आठवडे आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. प्रिंटर अडकला तरी मी स्वतःच ओढून काढायचे.

मग एप्रिलमधल्या एका रविवारी मी मॉरिसव्हिलला गेले. संकष्टी होती. काकूंचा उपास, म्हणून आम्हालाही साबुदाण्याची खिचडी. मी गाडीतून उतरले आणि बघतच राहिले. काकांनी उपटलेल्या भागात नवं बी टाकलं होतं, ते इथे-तिथे ठिगळासारखं उगवलं होतं, मधे सगळं तण. आणि जो भाग शेजाऱ्यामुळे वाचला होता तो हिरवा. नुसता हिरवा नाही, दाट, पायाला मऊ लागेल असा. काकू त्याच्या कडेला छोट्या स्टुलावर बसून काहीतरी खुडत होत्या.

"काकू, काय करताय?"

"दूर्वा," त्या म्हणाल्या. "अगं, मलाही आताच कळलं. इंडियन स्टोअरमध्ये मी इतके दिवस सुकलेल्या दूर्वांच्या पुड्या घेत होते आणि ही दारात! बघ, तीन पानं. आपली हरळीच की ही."

मी वाकून बघितलं. हरळीच होती. शेतीची पदवीधर मी, दर रविवारी तिच्यावरून चालत होते.

"जानेवारीत ही मेलेली दिसत होती ना गं," काकू म्हणाल्या. "हरळी मरते का कधी? वरून जळाली, खाली मुळं तशीच. यांनी चुकीच्या महिन्यात बघितलं, एवढंच झालं."

  मी तशीच पायरीवर बसले. साताऱ्यात माझे वडील वनखात्यात होते. लहानपणी त्यांच्या स्कूटरवर पुढे उभी राहून मी कुरणांच्या पाट्या वाचायचे. चराईस बंद. गवत कापायला अमुक दिवशी खुलं. कापणी झाल्यावर तीच कुरणं बोडकी, आणि त्या बोडक्या रानाकडे बघून वडील खूश व्हायचे, की यंदा सगळ्यांना मिळालं. राखलेलं रान कसं दिसतं, आणि संपलेलं कसं दिसतं, हे दोन्ही मी शाळेत जायच्या आधीपासून बघितलं होतं. आणि एवढं असून मी एका बाईच्या गवताला लाल रंग फासला होता.

खिचडी समोर आली तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. काका शांतपणे ऐकत होते. संपल्यावर त्यांनी चमचा खाली ठेवला.

"मग?" ते म्हणाले. "डेथ सर्टिफिकेट साइन कुणी केलं?"

काकूंना हसू आवरेना. मलाही हसू आलं आणि लगेच रडूही आलं. काका उठून आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "माझी अर्धी राहिली होती, म्हणून वाचलो. तुझं किती पुढे गेलंय? जा, स्टॉप इट."

सोमवारी मी आधी समोरच्या लॅबमध्ये गेले. माफी मागणं मला धड जमत नाही, माझ्या घरात कुणालाच जमत नाही. मी थर्मासमध्ये आल्याचा चहा करून नेला आणि त्याच्या टेबलावर दोन कप मांडले. म्हटलं, "तुझं बरोबर होतं. माझं चुकलं. आता मला त्या तुकड्याची हद्द सांग."

त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. चहाचा घोट घेतला, साखर जास्त आहे म्हणाला, आणि दुसरी खुर्ची ओढली.

प्राध्यापकांकडे मात्र मामला सोपा नव्हता. नकाशे प्रकल्पाच्या तिकडच्या कार्यालयाला पाठवून झाले होते. पुढच्या आठवड्यात ते गावागावात दाखवायला निघणार होते. प्राध्यापक वाईट नव्हते, थकलेले होते. म्हणाले, "तुकडा लहान आहे. खाली एक टीप टाक."

"टीप कुणी वाचत नाही," मी म्हटलं. "रंग सगळे बघतात. लाल आहे तो लाल राहील."

"तुझ्याकडे दुसरा फोटो नाही."

"मिळवते."

"शुक्रवारपर्यंत," ते म्हणाले. "आणि हे लक्षात ठेव, की तुझा एक नकाशा चुकला तर बाकीच्यांवरही लोक शंका घेतील."

ते मला कळत होतं. माझं पुढचं वर्ष, माझी शिष्यवृत्ती, सगळं त्याच नेटक्या कामाच्या शाबासकीवर उभं होतं. तरी मी मान वर ठेवून म्हटलं, "घ्यायलाच हवी. सगळेच नकाशे ऑक्टोबरचे आहेत."

लॅबच्या कपाटात आधीच्या विद्यार्थ्यांच्या टाकून दिलेल्या सीडी होत्या. दोन दिवस मी त्या उपसल्या. बुधवारी दुपारी एक सापडली, त्याच मुलखाची, मे महिन्याच्या अखेरची. अर्ध्या भागावर ढग, म्हणून कुणी वापरली नव्हती. मी ती उघडली. टेकडी ढगाखाली होती. पण टेकडीच्या पायथ्याला, ढगाच्या फटीत, तोच लांबट तुकडा. आजूबाजूचं रान गुरांनी विरळ करून टाकलेलं, आणि तो मधे दाट. मी धावत समोर गेले आणि त्याला हाताला धरून घेऊन आले. तो स्क्रीनसमोर वाकला आणि त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला. काय म्हणालास, असं मी विचारलं नाही.

पण निम्मी हद्द ढगात होती, आणि तेवढी नेमकी त्यालाही आठवत नव्हती. ती कोण सांगणार?

पुढचं सांगण्याआधी हे सांगून टाकते, की नकाशा बदलला, शुक्रवारी गेला, आणि बाकीच्या गावांच्या नकाशांबरोबर एक पत्रही गेलं, की प्रत्येक लाल तुकड्याबद्दल सभेत आधी गावाला विचारा. प्राध्यापकांनी त्यावर सही केली, कुरकुरत का होईना. गावाच्या आराखड्यात तो तुकडा राखलेलं गवत म्हणूनच मंजूर झाला. माझी शिष्यवृत्ती गेली नाही. आता गुरुवारच्या सकाळचं सांगते.

त्याच्या भावाकडे मोबाइल होता. आमचे सकाळचे आठ म्हणजे तिकडे दुपारचे तीन. त्यानं फोनकार्डावरचा लांबलचक नंबर फिरवला, स्पीकर लावला, आणि तळघरातल्या त्या बिनखिडकीच्या खोलीत कोंबडा आरवला. मग त्याच्या आईचा आवाज आला. जाड, खणखणीत, बाजारात भाव करणाऱ्या बाईचा असतो तसा. तिला सगळं आधीच कळवलेलं होतं. ती हद्द सांगायला लागली, तो मला सांगू लागला, आणि मी माउस धरून रेघ ओढू लागले. दुभंगलेल्या खडकापासून चिंचेपर्यंत. चिंचेपासून ओढ्याच्या वळणापर्यंत, पण वळण ओलांडायचं नाही, पलीकडचं दुसऱ्यांचं. तिथून वारुळांच्या ओळीनं वर. एकदा मी रेघ जरा बाहेर नेली. तो म्हणाला, आई विचारते, ओढ्याच्या आत आहेस ना? मी रेघ मागे घेतली. दिसत नसताना तिला कसं कळलं, हे मला अजून कळलेलं नाही.

रेघ जुळली. मी म्हटलं, तिला सांग, झालं, आता मला सगळं दिसतंय.

त्यानं सांगितलं. पलीकडून एक प्रश्न आला आणि तो हसायला लागला.

"ती विचारते, तुला सगळं दिसतंय तर सांग, आत्ता आत कुणाची गुरं शिरलीत का?"

मी स्क्रीनकडे बघितलं. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना, अर्धा ढगात.

"तिला सांग," मी म्हटलं, "मला दिसत नाही. हा जुना फोटो आहे."

त्यानं ते सांगितलं.  मग फोन कुणाच्या तरी हातात दिल्याचा आवाज आला, आणि भाऊ काहीतरी बोलला. तो म्हणाला, "थांब म्हणते. ती घरामागच्या माणूसभर उंच वारुळावर चढलीये. तिथून सगळं दिसतं."

आम्ही थांबलो. कार्डाची मिनिटं जात होती. कोंबडा पुन्हा आरवला. मी नकाशाच्या खालचा तो तक्ता उघडला, इतके महिने रिकामा ठेवलेला.

मग तिचा आवाज आला, थोडी धाप लागलेली.

"कुणी नाही," तो मला सांगू लागला. "गवत गुडघ्याएवढं आहे. खाली दाट आहे. यंदा पुरेल. लिहून घे म्हणते."

मी निरीक्षकाच्या रकान्यात तिचं नाव लिहिलं, स्पेलिंग विचारून. पुढे तारीख घातली. आणि त्याच्यापुढे, ती जसं म्हणाली तसंच: कुणी नाही. गवत गुडघ्याएवढं. यंदा पुरेल.